१४२८५७ : जादू नव्हे, बाकी!

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. या संख्येला दोनने गुणा, २८५७१४ येतात. तीनने गुणा, ४२८५७१. अगदी सहापर्यंत गुणत जा. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. एवढ्यावरून तिला कोणी ‘गूढ’ म्हणतं, कोणी ‘दैवी’.

यात दैवी काही नाही. कागद घ्या आणि १ ला ७ ने भागा. भागाकार संपतच नाही : ०.१४२८५७१४२८५७... आता उत्तराकडे नको, बाक्यांकडे बघा : ३, २, ६, ४, ५, १. सातने भागताना बाकी एक ते सहामधलीच उरणार (शून्य उरली तर भागाकारच संपला), आणि इथे त्या सहाही जणी हजेरी लावतात. बाकी १ आली की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. २ ला ७ ने भागायचं तर याच गाडीत ‘बाकी २’ला चढायचं : २, ८, ५, ७, १, ४. अंक फिरतात ते एवढ्यामुळेच.

‘कितीनेही गुणा, तेच अंक येतात,’ असंही सांगितलं जातं. सातने गुणून बघा : ९९९९९९. आठने गुणलं तर ११४२८५६; इथे मात्र पुढचा १ उचलून उरलेल्या १४२८५६ मध्ये मिळवला की आपली संख्या परत.

ती एकमेव आहे, हेही खरं नाही. १ भागिले १७ मधून ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंकी चक्र मिळतं (पहिलं शून्य गाळायचं नाही, नाहीतर चक्र मोडतं). १९ चं चक्र अठरा अंकी. १३ मात्र दगा देतो, त्याची ०७६९२३ आणि १५३८४६ अशी दोन वेगळी चक्रं पडतात. अशी पूर्ण चक्रं देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत, हा एमिल आर्टिन यांच्या १९२७ मधल्या अनुमानाचाच भाग. तो आजही सिद्ध झालेला नाही. मला विचाराल तर खरं गूढ हे! शिवाय सगळा खेळ दशमान पद्धतीचा. आठच्या पायावर लिहिलं तर एक सप्तमांश म्हणजे नुसतं ०.१११...

आणि शाळेपासून डोक्यात बसलेला गैरसमज : पाय म्हणजे २२/७. तो अपूर्णांक ३.१४२८५७१४२८५७... असा आवर्ती, पाय ३.१४१५९... असा, कधीच आवर्ती न होणारा. तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांची फारकत होते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या नावाच्या संख्यांतही १४२८५७ आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून बेरीज करा : १४२८५७. ७०३ चंही असंच होतं. तो वर्ग तुम्हीच करून बघा.