हास्याचे दोन विरोधी : ‘घोस्टबस्टर्स’च्या पुनरुज्जीवनाचा विचार

साहित्यदर्पणकार विश्वनाथाने रसांचे परस्परविरोध सांगताना हास्याचे दोन विरोधी दिले आहेत : भयानक आणि करुण. भ्यालेला मनुष्य हसत नाही आणि शोकाकुल मनुष्यही हसत नाही, हा नित्याचा अनुभव ह्या मताच्या मुळाशी आहे. भुताखेतांचा विनोदी चित्रपट पहिल्या विरोधाशी खेळूनच सिद्ध होतो. परंतु अशी चित्रपटमालिका पुष्कळ वर्षांनी पुन्हा सुरू करावयाची झाली, तर दुसराही विरोध उपस्थित होतो. कारण मधल्या काळात तिच्यातील काही माणसे निवर्तलेली असतात. हॉलिवुडच्या ‘घोस्टबस्टर्स’ मालिकेत हे दोन्ही विरोध कसे हाताळले गेले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आयव्हन राइटमन दिग्दर्शित पहिला चित्रपट १९८४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे लेखन डॅन ॲक्रॉइड व हॅरॉल्ड रॅमिस ह्यांचे. न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाने काढून टाकलेले व्हेंकमन, स्टँट्झ आणि स्पेंग्लर हे तीन संशोधक अग्निशामक दलाच्या एका जुन्या इमारतीत भुते पकडण्याचा धंदा थाटतात. भांडवलासाठी स्टँट्झचे वडिलोपार्जित घर गहाण पडते. पहिले भूत एका मोठ्या हॉटेलात सापडते. ते पकडल्यावर व्हेंकमन व्यवस्थापकापुढे ५,००० डॉलरचे बिल ठेवतो. व्यवस्थापक कुरकुरू लागताच, भूत होते तेथे परत सोडण्याची तयारी दाखवितो.

ह्या एका प्रसंगात चित्रपटाची सारी युक्ती दिसते. विरोधी रस एकाच आश्रयाच्या ठिकाणी नांदू शकत नसले, तरी त्यांचे आश्रय भिन्न केल्यास विरोध मावळतो, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात सांगितले आहे. येथे नेमके तेच घडते. भय नगरवासीयांच्या ठायी आहे. धंदा करणाऱ्यांच्या ठायी दर, पावती आणि साठवणुकीची चिंता आहे. त्यांच्या लेखी भूत म्हणजे उंदीर किंवा झुरळ ह्यांसारखा एक उपद्रव होय. पर्यावरण-संरक्षण खात्याचा अधिकारी वॉल्टर पेक भुतांच्या कोठाराची वीज तोडावयास लावतो, तेव्हा संकट ओढवते ते सरकारी कार्यवाहीमुळे. अमानुष शक्ती आणि कचेरीची भाषा ह्यांच्या विसंगतीतून हास्य निर्माण होते, आणि भय कोठेही खोटे ठरवावे लागत नाही.

१९८९ चा दुसरा भाग ह्याच वाटेने गेला. २०१६ मध्ये पॉल फीग ह्यांनी चार स्त्रियांना नायिका करून कथा मुळापासून नव्याने मांडली. पूर्वकथेशी तिचे सातत्य नव्हते. म्हणून मालिकेचे खरे पुनरुज्जीवन २०२१ च्या ‘घोस्टबस्टर्स : आफ्टरलाइफ’ ह्या चित्रपटापासून मानावे लागते. त्याचा दिग्दर्शक जेसन राइटमन हा आयव्हन राइटमन ह्यांचा पुत्र. स्पेंग्लरची भूमिका करणारे रॅमिस २०१४ मध्येच दिवंगत झाले होते. त्यांची उणीव झाकण्याऐवजी दिग्दर्शकाने तीच कथेचे बीज केली.

स्पेंग्लर ओक्लाहोमातील एका ओसाड शेतावर एकाकी मरतो. त्याने आपल्याला टाकले, अशी समजूत असलेली मुलगी कॅली आपल्या दोन मुलांसह त्या घरी येते. तिची बारा वर्षांची मुलगी फीबी हिच्याशी कोणी अदृश्य हात बुद्धिबळ खेळू लागतो आणि दिव्याच्या खुणेने तिला तळघरातील प्रयोगशाळेपर्यंत नेतो. पुढे कॅलीला भिंतीवर आपल्याच आयुष्यातील छायाचित्रे आढळतात : पिता दुरून पाहत होता. उपद्रव असलेले भूत येथे पूर्वज झाले आहे.

हास्य आणि करुण एकमेकांस लागून आले, तर दोन्ही बिघडतात. ह्यावरही आनंदवर्धनाने उपाय सांगितला आहे : मध्ये तिसरा रस घालावा. ‘नागानंद’ नाटकात शांत आणि शृंगार ह्यांच्यामध्ये अद्भुत येतो, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आपोआप सरकणारी सोंगटी आणि तळघराचा शोध हे तसेच अद्भुताचे प्रसंग आहेत. फीबी भावशून्य चेहऱ्याने विनोद सांगते. त्या विनोदापासून कॅलीच्या अश्रूंपर्यंतचा मार्ग ह्या अद्भुतातून जातो. येथवर रचना निर्दोष म्हणावी लागेल.

अडचण शेवटी येते. अंतिम युद्धात स्पेंग्लरचे भूत फीबीच्या पाठीशी उभे राहते, मुलीला कवटाळते आणि एक शब्दही न बोलता विरून जाते. दुसऱ्या नटाच्या देहावर संगणकाने रॅमिस ह्यांचा वार्धक्यातील चेहरा बसविला आहे. आपल्या परिभाषेत, १९८४ मध्ये रॅमिस अनुकर्ता होते. २०२१ मध्ये ते स्वतःच अनुकार्य झाले. प्रेक्षक जे अश्रू ढाळतो, ते स्पेंग्लरसाठी की रॅमिससाठी? स्पेंग्लरसाठी असतील तर तो करुणरस. रॅमिससाठी असतील तर तो लौकिक शोक, आणि लौकिक शोकाला साधारणीकरण नसते. मूळ चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग तितका भिडेल काय, हीच त्याची कसोटी होय. कॅलीची कथा त्यालाही भिडेल. चेहरा मात्र भिडणार नाही.

ह्या प्रश्नाला व्यवहाराचीही बाजू आहे. २०२३ च्या अमेरिकन नटांच्या संपात संगणकीय प्रतिकृतीसाठी संमती हा एक प्रमुख मुद्दा होता. दिवंगत नटाची प्रतिकृती वापरण्यापूर्वी त्याच्या वारसांची संमती आवश्यक करणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये संमत केला. परंतु संमतीने कायद्याचा प्रश्न सुटला, तरी रसाचा सुटत नाही.

आयव्हन राइटमन २०२२ मध्ये निवर्तले. गिल केनन दिग्दर्शित ‘फ्रोझन एम्पायर’ हा २०२४ चा पुढील भाग त्यांना अर्पण केलेला आहे. त्यात कथा न्यू यॉर्कला परतते, आणि पूर्वीचा अधिकारी पेक आता महापौर होऊन आडवा येतो. म्हणजे हास्य पुन्हा आपल्या मूळ आश्रयाकडे, कचेरीकडे वळले. शोकाच्या आधारे मालिका एकदा उठविता येते; पुढे चालावयाचे तर तिला आपले हास्यच शोधावे लागते.