प्रक्षिप्ताची ओढ

उसागी ही रडवी शाळकरी मुलगी मंत्र उच्चारतांच वीरांगना होते, ही जपानी 'सेलर मून' चित्रमालेची कथा. तिचें नवें रूप येणार, ही वार्ता जुलै २०१२ मध्यें फुटली आणि १९९२ पासून ती पाहत वाढलेल्या मुली, आतां प्रौढ स्त्रिया, वाट पाहूं लागल्या. वायदा २०१३ चा, तो टळला. शिवाय नवी माला नाओको ताकेउची यांच्या मूळ चित्रकथेस धरून होणार, हीही धाकधूक! नारूचें खलपक्षीय नेफ्राइटवरील प्रेम व त्याचा करुण अंत मूळांत नाहींच. पण डोळे ओले झाले ते त्याच प्रसंगीं. आम्ही संस्कृतज्ञ प्रक्षिप्त श्लोक खुशाल गाळतों. ज्यानें ते बालपणीं पाठ केले, त्यास कोण विचारतो? अखेर ५ जुलै २०१४ रोजीं पहिला भाग आला. उसागीचा आवाज तेवढा पूर्वीच्याच कोतोनो मित्सुइशी यांचा होता.