आधीचा कोड दाखवा!

आंबेनळी घाट चढून पुण्याला मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत अम्मी डबा ठेवते, अब्बा प्रमाणपत्रांची फाईल. पण प्रोग्रामरला हल्ली विचारतात, “तुम्ही लिहिलेला कोड दाखवा.” मागणी रास्त आहे. गवंड्याला काम देताना आपणही त्याने बांधलेली भिंत पाहतोच ना!

अडचण वेगळीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी. म्हणजे चार वर्षे राबलेल्याकडेच दाखवायला काही नाही! ती अमानत पेन ड्राइव्हमध्ये घालून नेणाऱ्याला शहाणा मालक ठेवील कशाला? उद्या तो त्याचाही कोड नेईल. त्यापेक्षा सरळ सांगावे, “तो कंपनीचा आहे, इथे एखादे छोटे काम द्या, लिहून दाखवतो.”

आणि घरच्यांना आमचे सांगणे असे, की सुट्टीत मुलगा किंवा मुलगी लॅपटॉप घेऊन बसली तर रागावू नका. मामूंच्या दुकानाची उधारी, जमातीच्या वर्गणीचा हिशेब, असे काहीतरी त्यांना स्वतःचे करू द्या. गिटहबवर ते मोफत ठेवता येते. फक्त उधारीवाल्यांची खरी नावे आणि मोबाईल नंबर आधी काढून टाका.