परदेशी स्थायिक होताना : देशाबरोबर गावही निवडा

आपल्या धर्मग्रामांतील परिचारिका, अभियंते, संगणकतज्ज्ञ, इलेक्ट्रिशियन आणि शिक्षक आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी अशा देशांकडे कुटुंबासह वळत आहेत. पूर्वी आखातात गेलेली पिढी कंत्राट संपताच परत येई. घर येथेच असे, तेथे होती ती नोकरी. आता जाणारी पिढी मात्र तेथे घर बांधण्यासाठी जाते. म्हणून ‘कोठे जावे?’ हा प्रश्न केवळ पगाराचा राहत नाही.

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्रामाने निवडीचा पहिला मान आपल्या पुतण्याला, लोटाला दिला. लोटाने नजर वर करून पाहिले. यार्देनेचे खोरे त्याला पाण्याने समृद्ध दिसले व त्याने तेच निवडले. तेथील नगरे कशी आहेत, याची चौकशी त्याने केल्याचे पवित्र शास्त्र सांगत नाही. आपलीही गत अशीच होऊ शकते. आपण देशाचे नाव ऐकतो; पण आयुष्य काढायचे असते ते त्या देशातील एखाद्या प्रांतात, एखाद्या शहरात. निर्णय घेण्यापूर्वी पुढील चार बाबी तपासाव्यात.

पहिली बाब : आपल्या कौशल्याला मान्यता कोठे?

व्हिसा मिळाला म्हणजे व्यवसायाचा परवाना मिळाला, असे होत नाही. कॅनडात परिचारिकेची नोंदणी त्या त्या प्रांताची परिषद करते. ऑस्ट्रेलियात २०१० पासून परिचारिकांची नोंदणी राष्ट्रीय पातळीवर होते. मात्र इलेक्ट्रिशियनचा परवाना तेथे राज्य देते. जर्मनीत परदेशी परिचारिकेच्या शिक्षणाला मान्यता देण्याचे काम राज्यांची कार्यालये करतात आणि जर्मन भाषेचे चांगले ज्ञान असल्यावाचून हा मार्ग खुला होत नाही. संगणक क्षेत्रातील बहुतेक कामांना असा परवाना लागत नाही. एकाच घरातील पती संगणकतज्ज्ञ आणि पत्नी परिचारिका असेल, तर शहर ठरविताना पत्नीच्या परवान्याचा विचार आधी करणे शहाणपणाचे ठरते. अन्यथा एकाची नोकरी सुरू होते आणि दुसऱ्याचे शिक्षण वर्षानुवर्षे पेटीत पडून राहते.

दुसरी बाब : निवास कायमचा की तात्पुरता?

कॅनडाची ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धत २०१५ साली सुरू झाली. तीत वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांना गुण मिळतात. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वर्षांत असतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ते शून्य होतात. एखाद्या प्रांताने शिफारस केल्यास ६०० गुण अधिक मिळतात. परंतु शिफारस घेताना त्याच प्रांतात राहण्याचा प्रामाणिक हेतू असावा लागतो. क्युबेक प्रांत आपले कुशल कामगार स्वतः निवडतो आणि तेथे फ्रेंच भाषेला मोठे महत्त्व आहे.

ऑस्ट्रेलियात १८९ व १९० क्रमांकांचे व्हिसा आरंभापासूनच कायमचे असतात. ४९१ क्रमांकाचा व्हिसा मात्र पाच वर्षांचा असतो. या व्हिसाधारकाने सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन सोडून ठरावीक प्रदेशांतच राहायचे असते. तेथे तीन वर्षे काढल्यानंतर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. पर्थ आणि ॲडलेड ही मोठी शहरे या प्रदेशांत मोडतात, हे अनेकांना ठाऊक नसते. नातेवाईक सिडनीत आहेत म्हणून ४९१ व्हिसा घेणाऱ्याने ही अट आधी वाचावी.

तिसरी बाब : आई-वडील आणि मागे राहणारी वाडी

वृद्ध आई-वडिलांना कायमचे नेणे बहुतेक देशांत अवघड झाले आहे. ऑस्ट्रेलियात पालकांच्या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे निम्मी तरी अपत्ये तेथे स्थायिक असावी लागतात. तीन भावंडांपैकी एक तेथे आणि दोघे भारतात असतील, तर ही अट पूर्ण होत नाही. अट पूर्ण झाली तरी प्रतीक्षा दीर्घ असते. म्हणून आई-वडिलांना कोण पाहणार, याचे उत्तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी सर्व भावंडांनी एकत्र बसून ठरवावे.

जमिनीचाही विचार हवा. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळू शकते, पण त्यावर मतदानाचा हक्क नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र राखता येते. वाडी एकदा विकली, तर परदेशी नागरिक होऊन परतलेल्या मुलाला ती पुन्हा विकत घेणे कठीण, हे जाणून व्यवहार करावा.

चौथी बाब : वेदी कोठे उभारणार?

लोट निघून गेल्यावर अब्रामाने हेब्रोन येथे तंबू ठोकला आणि तेथे परमेश्वरासाठी वेदी बांधली. आपणही घर पाहताना चर्च किती अंतरावर आहे, मिस्सा कोणत्या भाषेत होते, मुलांना धर्मशिक्षण मिळेल का, हे विचारावे. कायम राहण्याच्या हेतूने एखाद्या धर्मग्रामात वास्तव्य सुरू केले, की ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार आपण तेथील धर्मग्रामस्थ होतो व तेथील प्रमुख धर्मगुरू आपले धर्मगुरू होतात. म्हणून पोहोचताच त्यांना भेटावे. बाप्तिस्मा, दृढीकरण व विवाह यांचे दाखले सोबत न्यावेत. परदेशी झालेल्या विवाहाची नोंदही आपल्या मूळ धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत व्हायची असते.

जर्मनीत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे रहिवासी नोंदणीच्या वेळी धर्म विचारला जातो व कॅथलिकांकडून चर्च कर घेतला जातो. तो पगाराच्या नव्हे, तर प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो. कर वाचविण्यासाठी सरकारदरबारी ‘मी चर्च सोडले’ असे लिहून देण्याचा सल्ला कोणी देईल. परंतु तेथील बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार असे करणाऱ्यास पवित्र संस्कार स्वीकारता येत नाहीत. थोड्या बचतीसाठी केलेली सही फार महाग पडते.

निर्णय घेताना

सल्लागार नोंदणीकृत आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. नियम वारंवार बदलत असल्याने संबंधित सरकारचे संकेतस्थळ स्वतः वाचावे. दोन-तीन शहरे निवडून परवाना, घरभाडे, शाळा, हवामान व चर्च यांची माहिती कागदावर समोरासमोर मांडावी. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, ही प्रभू येशूची शिकवण येथेही लागू पडते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या जागतिक स्थलांतरित व निर्वासित दिनासाठी जाण्याचे वा राहण्याचे स्वातंत्र्य हा विषय निवडला होता. शेजारचा गेला म्हणून जाणे, हे स्वातंत्र्य नव्हे. सर्व बाबी तपासून, पती-पत्नीने एकत्र प्रार्थना करून ‘आम्ही येथेच राहू’ असे ठरविले, तर तोही तितकाच सन्मानाचा निर्णय आहे. आणि जायचे ठरलेच, तर कोणत्या गावात आपली मुले वाढणार आहेत, हे ठाऊक असूनच निघावे.