तागाची धूळ आणि घाबरा जीव

21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने कामगार भरपाईचा जुना कायदा मोडीत काढला, पण त्यातली व्यवसायजन्य रोगांची यादी आपल्या अनुसूचीत जवळजवळ तशीच उचलून घेतली. कापूस, जवस, हेम्प आणि सिसल यांच्या धुळीमुळे श्वासनलिका आकसून होणारा रोग, म्हणजे बिसिनोसिस, त्या यादीत आहे. ताग हा शब्द मात्र त्या नोंदीत नाही, आणि जुनाट फुप्फुसरोगापाठोपाठ येणारी चिंता व नैराश्य यांना तर यादीत कोठेच जागा नाही. कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीच्या डाव्या तीरावर तागगिरण्यांच्या आधाराने वाढलेल्या बजबजच्या दृष्टीने ही वगळणूक जुनीच आहे, आणि नवा कायदा करतानाही ती दूर झाली नाही, हे अधिक बोचणारे आहे.

1897 मध्ये विवेकानंद येथे उतरले आणि 1914 मध्ये कोमागाता मारू जहाजाच्या प्रवाशांवर येथे गोळीबार झाला, एवढ्या दोन घटनांपुरता बजबज इतिहासग्रंथांत येतो. गिरण्यांत तागाचा जो बारीक भुगा उडतो, ज्याला बंगालीत फेंसो म्हणतात, त्याची दखल फार उशिरा घेतली गेली. तागामुळे बिसिनोसिस होतो की नाही यावर दीर्घकाळ वाद चालला. कोलकात्याच्या तागगिरण्यांतील कामगारांमध्ये तो आढळल्याचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला.

या साऱ्या काळात 1982 ते 1992 हे दशक वेगळे काढून पाहावे लागते, कारण छाती आणि मन यांना एकत्र पाहण्याची संधी तेव्हा आली आणि हातची गेली. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मान्य झाला आणि त्याच वर्षी जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. 1983 मध्ये झिग्मंड आणि स्नेथ यांनी रुग्णालयातील रुग्णांसाठी चिंता व नैराश्याची चौदा प्रश्नांची मोजपट्टी मांडली, जिच्यात थकवा, निद्रानाश यांसारखी शरीराच्या रोगातूनही उद्भवणारी लक्षणे मुद्दाम बाजूला ठेवलेली होती, आणि म्हणूनच धापेच्या रुग्णासाठी ती विशेष उपयोगी होती. 1984 मध्ये भरपाई कायद्याची रोगसूची नव्याने लिहिली गेली; त्याच वर्षी बंगालमधील ताग कामगारांनी दीर्घ संप केला, तरीही ताग त्या नोंदीबाहेरच राहिला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात भोपाळची वायुगळती घडली. 1985 च्या आरंभी तेथील दवाखान्यांत शारीरिक तक्रारी घेऊन आलेल्या 855 रुग्णांची मानसिक तपासणी झाली, तेव्हा 193 जणांना मानसिक विकार आढळला, आणि त्यांत नैराश्य व चिंता यांचेच प्रमाण मोठे होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात, जेथे गिरणी कामगारांच्या छातीचा अभ्यास आधीपासून होत होता, डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुग्रस्तांची फुप्फुसे तपासली. हे दोन्ही प्रयत्न मोलाचे होते. परंतु ते कायमच्या व्यवस्थेत एकत्र आले नाहीत, आणि छातीचा दवाखाना व मनोविकार विभाग यांच्यातली भिंत दशक संपताना तशीच उभी होती.

ही भिंत शरीरशास्त्राला मान्य नाही. सीओपीडी या विकारात, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होतात अशा रोगात, उच्छ्वासाला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. भीतीने श्वास जलद झाला की आधीची हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच नवी आत येते, छाती फुगलेली राहते, धाप वाढते, आणि वाढलेली धाप पुन्हा भीती वाढवते. नैराश्य याच्या उलट वाटेने त्याच ठिकाणी पोचते: माणूस जिना टाळतो, बाजार टाळतो, स्नायू झिजतात, मग न्हाणीघरापर्यंत जाण्यानेही दम लागतो. भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. मराठीत दम लागतो, दम धरवत नाही आणि जीव घाबरा होतो. बजबजचा बंगाली रुग्ण ‘बुक धडफड’ म्हणतो, आणि बिहारकडून आलेला कामगार ‘जी घबराता है’ म्हणतो. या शब्दांत फुप्फुस आणि मन वेगळे काढता येत नाहीत, पण केसपेपरवर त्यांतले फक्त फुप्फुस उतरते.

उपाय महागडे नाहीत, म्हणूनच ही उपेक्षा अधिक खटकते. फुप्फुस-पुनर्वसन, म्हणजे देखरेखीखालील चालणे, हातापायांचे व्यायाम, ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्याचा सराव आणि रोगाची माहिती, यांनी धापेबरोबर चिंता आणि नैराश्यही कमी होते. याउलट घाबरेपणावर सहज दिल्या जाणाऱ्या झोपेच्या काही गोळ्या मुळातच दुबळा झालेला श्वास आणखी मंद करू शकतात. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला, पण सीओपीडी त्यात पुढे काही वर्षांनी आली.

बिसिनोसिसची ओळख ज्या प्रश्नाने पटते तो प्रश्न व्यवसायजन्य रोगांचे अभ्यासक शिलिंग यांनी 1950 च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापूस कामगारांसाठी पक्का केला होता: सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते का? उद्या छाती आवळणार हे ठाऊक असलेल्या माणसाची रविवारची रात्र कशी जाते, हा प्रश्न त्यात नव्हता.