सोलापुरी वाक्य आणि इंग्रजी ‘अँड’

सोलापूर शहराच्या पूर्व भागात, जेथे पद्मशाली समाजाच्या कित्येक पिढ्या हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर राबल्या, तेथील घराघरांतून तेलुगू बोलली जाते; अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कन्नड कानी पडू लागते; बाजारपेठेत दखनीचा वावर अखंड असतो; आणि या सर्वांचा परस्परांशी व्यवहार बहुतांशी मराठीत चालतो. अशा शहरात ‘भाजी घेऊन घरी आलो’ एवढीच हकिकत चार तोंडून ऐकावी. तेलुगू गृहस्थ ‘कूरगायलु कोनि इंटिकि वच्चानु’ म्हणेल, कन्नड शेतकरी ‘तरकारि तगोंडु मनेगे बंदे’ म्हणेल, दखनी दुकानदार ‘भाजी लेके घर आया’ म्हणेल. शब्द सर्वस्वी भिन्न, कुळेही दोन, एक आर्य आणि एक द्राविड. तथापि वाक्याचा सांगाडा मात्र रेसभरही हललेला नाही. चारही ठिकाणी पूर्ण क्रियापद एकच, ते शेवटी. आणि आधीची क्रिया धातुसाधित अव्ययाचे रूप घेऊन त्याच्या आश्रयाला आलेली. इंग्रज हीच हकिकत ‘आय बॉट व्हेजिटेबल्स अँड केम होम’ अशी सांगतो. त्याच्या वाक्यात दोन क्रियापदे समान दर्जाने उभी असतात आणि त्यांच्यामध्ये ‘अँड’ येतो.

भिन्न कुळांच्या भाषा शेजारी नांदता नांदता रचनेने एकरूप होत जातात, ही कल्पना भारताच्या संदर्भात एमेनो या अमेरिकी पंडिताने 1956 मध्ये सविस्तर मांडली. पुढे 1971 मध्ये गंपर्झ आणि विल्सन या संशोधकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांची रोजची वाक्ये त्यांनी शेजारी मांडली, तेव्हा शब्दाच्या जागी शब्द ठेवीत गेल्यास एका भाषेतून दुसरीत सहज जाता येते, असे आढळले. आणि क्रिया जोडण्याची ही धातुसाधित रीत त्या साम्यात ठळक होती. सोलापूर कुपवाडहून फार दूर नाही.

आमच्या व्याकरणग्रंथांनी मात्र क्रिया जोडण्याच्या मराठी व इंग्रजी रीतींतला हा भेद काहीसा झाकून टाकला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये छापले गेले, आणि त्यांनी व त्यांच्यानंतरच्या वैयाकरणांनी इंग्रजी व्याकरणाचा आराखडा नजरेसमोर ठेवून जी परिभाषा घडविली, तीत उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वसूचक व गौणत्वसूचक असे दोन वर्ग पडले. त्यातील प्रधानत्वसूचकांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक हे चार पोटभेद शालेय विद्यार्थ्याला पाठ असतात. इंग्रजीची सात अव्यये, म्हणजे अँड, ऑर, नॉर, बट, येट, सो आणि फॉर, या कोष्टकात बहुतेक सुखाने बसतात. पण ‘फॉर’ बसत नाही, कारण इंग्रजी ज्याला समान दर्जाच्या वाक्यांचा दुवा मानते ते कारणदर्शक अव्यय आमच्याकडे गौणत्वसूचकांच्या पंक्तीला बसलेले आहे. ‘घेऊन’मधील ‘ऊन’ प्रत्यय तर या कोष्टकात कोठेच नाही, कारण तो अव्ययांच्या प्रकरणात न येता धातुसाधितांच्या प्रकरणात येतो; परिणामी विद्यार्थी ‘अँड म्हणजे आणि’ एवढे शिकतो, आणि जेथे इंग्रजाला ‘अँड’ सुचला असता तेथे ‘हॅविंग’ने वाक्य सुरू करून मोकळा होतो. असे वाक्य अशुद्ध नसते, पण ते इंग्रजाच्या बोलण्यातले नव्हे, ताम्रपटातले वाटते.

‘ऊन’ला मर्यादाही आहेत. ‘मुलगा शाळेत गेला आणि आई कामाला लागली’ येथे कर्ते दोन असल्यामुळे आम्हालाही ‘आणि’ची कास धरावी लागते. मात्र ‘पाऊस पडून चिखल झाला’ हे वाक्य कर्ते दोन असूनही खपते, कारण दुसरी घटना पहिलीचे फळ असते.

नामे जोडताना चित्र पुन्हा पालटते. इंग्रजी दोहोंमध्ये एकदाच ‘अँड’ ठेवते. संस्कृत ‘रामश्च सीता च’ म्हणते. कन्नड ‘रामनू सीतेयू’ असा प्रत्येक नामामागे ‘ऊ’ लावते. तेलुगू तर अखेरचा स्वर लांबवूनच काम भागविते. आणि मराठी माणूस आणखी उदासीन: त्याला भाकरी-चटणी हवी असते, मध्ये काही नको असते.

या भाकरीवरून एक नियमही तपासता येतो. जॉन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने 1967 साली आपल्या प्रबंधात दाखविले की, समान दर्जाने जोडलेल्या दोन पदांपैकी एकच पद उपटून वाक्याच्या आरंभी नेता येत नाही. म्हणून ‘तू भाकरी आणि काय खाल्लेस?’ हा प्रश्न इंग्रजीत ‘व्हॉट’ला आरंभी ओढून विचारू गेल्यास ‘अँड’ शेवटी लोंबकळत राहतो, आणि इंग्रजाचा कान ते साफ नाकारतो. ‘अँड’ऐवजी ‘विथ’ घातला की हरकत नसते. मराठी प्रश्नार्थक शब्द आपली जागा सोडत नाही, त्यामुळे आमचा प्रश्न निर्वेध पार पडतो. मुद्दाम ‘काय तू भाकरी आणि खाल्लेस?’ असे म्हणून पाहावे, म्हणजे तोच नियम येथेही दबा धरून बसलेला आहे हे कळते.

तर्कशास्त्राला हा सगळा पसारा नको असतो. त्याच्या ‘आणि’ला काळ नाही, क्रम नाही, ‘पावती दिली आणि पैसे घेतले’ व ‘पैसे घेतले आणि पावती दिली’ ही त्याच्या लेखी एकच, आणि क्रमाचा अर्थ ऐकणारा आपल्या पदरचा भरतो, असे ग्राइस या तत्त्वज्ञाने 1967 च्या हार्वर्डमधील व्याख्यानांत प्रतिपादिले. या शास्त्राला ज्याच्या नावाचे नियम लाभले तो डी मॉर्गन 1806 मध्ये मदुरेला जन्मला. त्याचा एक नियम असा की, दोन गोष्टी मिळून असण्याचा नकार म्हणजे दोहोंपैकी निदान एक नसणे. आता कचेरीतील फलकावर ‘सात-बारा उतारा व रहिवासी दाखला नसल्यास अर्ज नामंजूर’ असा मजकूर असला, तर ‘नसल्यास’ हे पद प्रत्येक कागदाला स्वतंत्रपणे लावणारा वाचक दोन्ही कागद नसतील तेव्हाच अर्ज फेटाळावा असे म्हणेल, आणि जोडीला एकत्र लावणारा एक नसला तरी पुरे असे म्हणेल. संदेह नको असल्यास तेथे ‘यांपैकी एकही कागद कमी असल्यास’ असे लिहावयास हवे. फलकावर मात्र ‘व’च असतो, आणि कारकून अर्ज एका कागदापायीही परत करतो.