ऑइलची पट्टी खरे माप कधी सांगते?

मोटार गॅरेज, टेम्पो, टॅक्सी आणि स्पेअरपार्ट हे आपल्या अनेक बांधवांच्या रोजीचे साधन आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून तालुक्याच्या नाक्यावरील पत्र्याच्या शेडपर्यंत आपले कारागीर इंजिने उघडतात आणि जोडतात. या धंद्यात सर्वांत सोपे समजले जाणारे काम म्हणजे ऑइल पाहणे. नव्या शिकाऊ मुलाच्या हातात पहिल्याच आठवड्यात पट्टी दिली जाते. पण आमचे निरीक्षण असे, की हेच काम सर्वांत घाईने उरकले जाते. इंजिन बसले म्हणजे टेम्पोवाल्याची गाडी कित्येक दिवस उभी राहते आणि हप्ता मात्र थांबत नाही. त्यात दोष मेकॅनिकच्या माथी येतो तो वेगळाच. म्हणून या साध्या कामाचा आज थोडा सविस्तर विचार करू.

बहुतेक मोटारींत पट्टीवरील खालच्या आणि वरच्या खुणेतील अंतर म्हणजे साधारण 1 लिटर ऑइल. म्हणजे वाचण्यात त्या अंतराच्या चौथ्या भागाइतकी चूक झाली, तर पाव लिटरची चूक झाली. ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा घाटात ते चेंबरच्या एका बाजूला जाते, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंगे कोरडी पडतात. "जास्त ओतले तर काय बिघडते?" असे विचारणारे ड्रायव्हरही पुष्कळ भेटतात. बिघडते. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक ऑइलला घुसळतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. शिवाय सीलांमधून गळती सुरू होते आणि श्वासनळीवाटे ऑइल आत जाऊन निळा धूर निघतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डॅशबोर्डवरील तांबडा ऑइलचा दिवा पातळी दाखवीत नाही, तो दाब दाखवतो. दाब पडला म्हणजे दिवा पेटला, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. दिवा पेटला नाही म्हणून ऑइल पुरेसे आहे असे मानणाऱ्याने इंजिन नशिबावर सोडले असे समजावे.

गाडी सपाट जागेवर हवी हे सर्वांना ठाऊक असते, पण आपली बरीच गॅरेजे रस्त्याच्या कडेला आहेत. रस्ता मधे उंच आणि गटाराकडे उतरता असतो, एक चाक फुटपाथला टेकलेले असते, किंवा पुढची बाजू जॅकवर असते. अशा वेळी पट्टी जेथे बुडते तेथील पातळी निराळीच येते. शंका असेल तर गाडी उलट्या दिशेने लावून पुन्हा पाहावी. दोन वाचनांत फरक पडला तर जागा सपाट नाही.

दुसरी गोष्ट सबुरीची. इंजिन चालू असताना ऑइलचा काही भाग वर हेडमध्ये, वाहिन्यांत आणि भिंतींवर असतो. बंद केल्यावर तो थेंबाथेंबाने चेंबरमध्ये उतरतो. लगेच पट्टी काढली तर ऑइल कमी दिसते, मालक घाबरून अर्धा लिटर ओततो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली असते. ऑइल गरम केल्यावर मोजावे की थंड असताना, यावर गॅरेजात वाद होतात. गरम ऑइल फुगते. 4 लिटर ऑइल 60 अंशांनी तापले तर ते सुमारे दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटरने वाढते. काही कंपन्या इंजिन गरम करून बंद केल्यावर ठराविक मिनिटांनी पाहा असे सांगतात, तर काही थंड इंजिनावर पाहायला सांगतात. खुणा त्याच हिशेबाने मारलेल्या असतात. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेली रीत पाळावी. पुस्तक नसेल तर इंजिन गरम करून बंद करावे, 5 ते 10 मिनिटे थांबावे आणि मग पाहावे. दर वेळी मात्र हीच रीत ठेवावी, नाहीतर मागच्या आणि आजच्या मापाची तुलना होत नाही.

पट्टी पहिल्यांदा काढली की ती उडालेल्या ऑइलने माखलेली असते, ते वाचन धरू नये. कॉटन वेस्टचे धागे पट्टीला चिकटून आत जातात, म्हणून स्वच्छ फडक्याने पुसावी, शेवटपर्यंत दाबून बसवावी, काढावी आणि आडवी धरून पाहावी. टोक वर करून धरली तर ऑइल मुठीकडे ओघळते आणि पातळी जास्त वाटते. पट्टी नळीला घासल्याने एका बाजूला ऑइल वर चढलेले दिसते, तेव्हा दोन्ही बाजू पाहून कमी असलेली धरावी. नवे ऑइल पारदर्शक असते, चटकन दिसत नाही. पट्टी कोऱ्या कागदावर अलगद टेकवली की डागाची सीमा दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पट्टीच खोटी असेल तर? जुन्या गाड्यांत पट्टीची मूठ तुटते, पट्टी हरवते आणि जुन्या बाजारातून "जवळपास तशीच" आणून बसवली जाते. ती अर्धा इंच लांब किंवा आखूड असली की पुढची सारी मापे खोटी. तराजूत खोट ठेवणाऱ्याबद्दल सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. येथे खोट नकळत असते, पण नुकसान गिऱ्हाइकाचे होतेच. तपासणी सोपी आहे. पुढच्या ऑइल बदलीच्या वेळी जुने ऑइल पूर्ण निथळू द्यावे, फिल्टर बदलावा आणि पुस्तकातील फिल्टरसह दिलेले माप मापपात्राने मोजून ओतावे. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे, थांबावे आणि पट्टी पाहावी. ऑइल वरच्या खुणेपाशी आले तर पट्टी बरोबर. नाही आले तर तेथे कानशीने बारीक नवी खूण करावी, किंवा योग्य पट्टी मागवावी.

इंजिन चालवण्याची ही पायरी नेहमीच्या ऑइल बदलीतही गाळू नये. कोरडा फिल्टर पाव लिटरच्या आसपास ऑइल पितो, त्याआधीचे माप फसवे असते. भर घालायची तर एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक वेळी थोडे थांबून पाहावे. डब्यातील उरलेले ऑइल, बिल पूर्ण डब्याचे लावले असेल तर, गिऱ्हाइकाची अमानत आहे. ते झाकण लावून त्याच्या गाडीत ठेवावे. आमच्या मते गॅरेजची याहून चांगली जाहिरात नाही.

पातळी आपोआप वाढत असेल तर ती घटण्याहून गंभीर बाब समजावी. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरत आहे, बहुधा हेड गॅसकेटमधून. मात्र पावसाळ्यात केवळ झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला म्हणून हेड उघडू नये. जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो बाष्पाचाही असतो. पट्टीला डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन मिसळत आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बी.एस. 6 नियमांच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी जाळणारा फिल्टर असतो. शहरात सतत छोट्या फेऱ्या केल्या तर काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीत पातळी वरच्या खुणेपुढे गेली तर ऑइल बदलणे हाच उपाय.

मोटारसायकलचे नियम थोडे वेगळे. ती स्टँडवर कलती ठेवू नये, सरळ उभी करावी. पुष्कळ गाड्यांत झाकणालाच पट्टी असते आणि पाहताना ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे आवळून पाहिले तर पट्टी जास्त बुडते आणि कमी ऑइलही पुरेसे भासते. ज्यांत काचेची खिडकी आहे त्यांत काच आधी पुसून घ्यावी. आतून काळी पडलेली काच रिकामी असतानाही भरलेली दिसते.